उघड्यावर सांगायचा नाही असा निरोप

आये, मी कॉम्प्युटर शिकत होते तेव्हा तू त्याला हातसुद्धा लावायची नाहीस. आज मात्र मला त्याच्यावरून तुझ्याशीच भांडायचंय. दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

कणकवलीत मी ज्या लॅबमध्ये आहे, तिथून तपासणीचे रिपोर्ट मेलने जातात. मेल कुलूपबंद जाते किंवा वाटेत कुणालाही वाचता येईल अशी उघडी. समोरचा सर्व्हर कुलूप घेत नसेल, तर आमचा मुकाट्याने उघडीच पाठवायचा. मध्यंतरी मी नियम घातला, की ठरावीक इस्पितळांच्या पत्त्यांवर मेल कुलूपबंदच जाईल, नाहीतर आमच्याकडेच थांबेल आणि पुन्हा पुन्हा जाऊन बघेल. मालकांनी विचारलं, हे डोकं कुणाचं? मी खुशाल म्हटलं, माझं.

डोकं तुझं होतं. मासळीची पाटी घेऊन तू धामापूरला जायचीस आणि तिथे नांदणाऱ्या मुलींना माहेरचे निरोप पोचवायचीस. बांगड्यांचा भाव गावभर ओरडायचीस, पण काही घरांतले निरोप मागल्या दारी, सून एकटी असेल तरच. नाहीतर निरोप तसाच परत. एकदा अशाच एका घरी मी तुझ्याबरोबर आहे. सुनेची आई शेवटच्या घटका मोजतेय, दोन्ही घरांत बोलणं बंद, आणि सासू दारातून हलत नाही. तू सुनेला पाटीतले पेडवे मोजून देतेस आणि मागे फिरतेस. दुसऱ्या दिवशी ती एकटी भेटली, पण तिची आई रात्रीच गेली होती. ती एवढंच म्हणाली, "काल कित्याक नाय सांगलंस गो?" वाटेत मी तुझ्यावर चिडले, तर तू म्हणालीस, "तिका थंयच रवाचा आसा. माका नाय."

आज एका इस्पितळाचा सर्व्हर बिघडला, कुलूप घेईना. रिपोर्ट अडकला. डॉक्टरांचा फोन आला, "पेशंटला आत घेतोय. गाठीचे फोटो बघितल्याशिवाय किती कापायचं ते ठरत नाही. तुमचं कुलूप काढा." फोनवर सांगून भागणार नव्हतं. आणि त्या पेशंट बाईने आमच्या काउंटरवर बजावलं होतं, सासरी यातलं काही कळता कामा नये.

त्या पत्त्यापुरता नियम मी काढला. मेल गेली, मग पुन्हा घातला. ऑपरेशन नीट झालं. वाटेत मेल कुणी वाचली का, ते मला कधीच कळणार नाही, आणि तेच मला धड बसू देत नाही.

पण नियम मोडल्याचं वाईट वाटत नाही, आये. त्या दिवशी तू सासूसमोर सांगून टाकायला हवं होतंस. त्या सुनेला तिथेच राहायचं होतं हे खरं, पण आईचं तोंड बघायचा तिचा तो शेवटचा दिवस होता.

तू गेलीस तिथे हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू "गप रव" म्हटलं असतंस, आणि मी गप्प बसले असते.