फेरीत तोंड उघडायची बंदी

आई, तुझी ती शाळेतली लाडकी आता लोकांना झाडं दाखवत फिरते. फागुन लागला की दर रविवारी नवीन जालन्यातून दोन-चार गाड्या भरून माणसं निघतात, बँकेतले, दुकानदार, एक डॉक्टरीण बाई, आणि ही बया डोक्यावर टोपी घालून त्यांच्या पुढं, आपल्या गावामागच्या टेकडीवर. मला कितीदा बोलावलं. मी गुडघ्याचं कारण सांगत राहिले. गुडघे ठणठणीत आहेत माझे. परवा मात्र गेल्ते. म्हटलं बघू तर खरं, काय दिवे लावते ते.

तुझ्या शाळेची फेरी त्याच टेकडीवर जायची. तू पुढं, पोरं मागं. शाळेतल्यासारखं मीही तुला बाईच म्हणायचं, चुकून आई म्हटलं की तू डोळे वटारायचीस. फुललेल्या झाडापाशी थांबून तू विचारायचीस, "हे कोण?" दारात आलेल्या पाहुण्याची ओळख विचारावी तसं. जो बराबर सांगेल त्याच्या ओंजळीत पिशवीतले फुटाणे. आणि मला तोंड उघडायची बंदी! "तुला घरीच कळतं सगळं. लोक म्हणतील, बाईंनी पोरीला आधीच पढवून आणलं." घरी कुठं कळायचं गं? घरी तू चुलीपुढं, नाहीतर वह्यांच्या ढिगात. मी जे शिकले ते त्या फेरीतच शिकले, तुझ्या मागं चालून, तोंड मिटून.

एका रविवारी ओढ्याच्या काठाला काटेसावर आणि पांगारा शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांच्याही अंगावर काटे, दोघंही बिनपानांचे, दोघांनाही लाल फुलं. तू विचारतेस, यातला पांगारा कोणता? पोरं नुसती एकमेकांकडं बघतात. मला माहीत आहे. सावरीचं फूल मोठं, जाड पाकळ्यांचं, वाटीसारखं उघडं. पांगाऱ्याचे घोस, अन् पाकळ्या चोचीसारख्या वाकलेल्या. जीभ नुसती वळवळतेय. तेवढ्यात तुझी लाडकी सांगून मोकळी. तू तिच्या डोक्यावरून हात फिरवतेस, "शाब्बास गं माझी बाय!" माझी बाय! मला कधी म्हणाली नाहीस. त्या संध्याकाळी मी जेवले नाही, तर तू विचारलंस, "पोट दुखून राह्यलं का?" आणि वर ओवा चारलास.

परवा टेकडीवर पळसाला फूल दाट होतं, करवंदीच्या जाळीला वास सुटलेला. छान वाटायला हवं होतं. पण ही कमरेवर हात ठेवून विचारते, "हे कोण?" तुझाच सूर, तुझंच थांबणं. तो सूर मला आला नाही, तिनं मात्र उचलला. मंग सगळ्यांना माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या बाईंच्या कन्या. ह्यांना बिचाऱ्यांना झाडांचा नाद न्हाई. शाळेच्या फेरीत कधी एक नाव सांगितलं न्हाई. तरी आज आल्या, लई बरं वाटलं." माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. तळपायाची आग मस्तकात गेली, आई. पुढं कपारीत बारीक लाल फुलांचं झुडूप होतं. डॉक्टरीण बाई मोबाइलमध्ये शोधायला लागल्या आणि मी जवळजवळ ओरडलेच, "धायटी!" मंग थांबलेच नाही. गणेर, करंज, पांगारा, दिसेल त्याचं नाव मी घेतलं. तिला तोंडच उघडू दिलं नाही. एक दुकानदार म्हणाले, "ताई, आता तुम्हीच पुढं चाला की!"

परतताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला इतकं येत होतं, मंग तवा का बोलली न्हाईस?"

"आईनं बंदी घातली होती. म्हणून."

ती खडकावर बसलीच. टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी मी पहिली यायची, ते तू गप बसायचीस म्हणून?" मंग म्हणाली, "आमच्या घरात मला कुणी हुशार म्हटलं न्हाई गं. एक बाईच म्हणायच्या. त्याच्यावरच तर हे सगळं करून राह्यले मी." डोळे भरले होते तिचे.

एक शब्द पुरला असता. तेव्हा मला पांगारा ओळखता येत नव्हता, एवढं खोटं बोलले असते तरी तिचं भागलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मी म्हणाले, "हो, म्हणूनच." आणि तुझी शपथ, लई गोड वाटलं. गाडीत बसेपर्यंत गोड वाटत होतं. ती मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून होती.

तू गेलीस तिथं हे कसं पाठवणार मी? पाठवायची सोय असती, तर शेवटचं एवढं खोडून टाकलं असतं. वाचून तू तिचीच बाजू घेतली असतीस.