वीतभर राहिलं

पिंपरी, मार्च १९५७

रॉयसाहेबांना सयाजीचा रामराम,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण राग कुठंतरी निघायला हवा.

अहो, यंत्रं बसवायला येण्याआधी तुम्ही अमेरिकेत सहा वर्षं पगारी खेळाडू! चेंडू काखेत घेऊन, माणसं अंगावर घेऊन धावायचात. म्हणून तर कंपनीच्या हुतुतूत घेतलं. आकुर्डीचे चार गडी लोंबकळत असताना मधल्या रेघेजवळ आलात, आणि वीतभर राहिलं असताना 'हुतुतू' सोडून तोंडच मिटलंत? दम तुटला की गडी बाद, हे किती वेळा घोकून घेतलं होतं!

चारचौघांत मी तुम्हाला बैल म्हणालो. कारकुनानं तुमचं उत्तर मराठीत सांगितलं, "गुडघ्याचं जुनं दुखणं उसळलं. आमच्याकडे दुखलं म्हणून ओरडलं, की आपल्या जागी दुसरा खेळाडू येतो. म्हणून दुखलं की तोंड मिटायची सवय."

मग इथं तरी बोंबलायचं होतं! आमच्या खेळात गप्प राहणारा बाद होतो, साहेब.

अजून चिडलेला,
सयाजी