भाऊ भरती झाला आणि घर सुटायला आलं

७ एप्रिल, मंगळवार
पिंट्या पास! अग्निवीरच्या यादीत नाव आलं. जिन्यातनं ओरडतच वर आला. मी पोळी टाकत होते, ती करपली. गेल्या वर्षी मेडिकलला बाहेर काढलं तेव्हा चार दिवस नीट जेवला नव्हता. आज मला उचलून गोल फिरवलं गाढवानं. लय आनंद झाला. गावाकडं फोन केला तर आई नुसती रडतेय, अण्णांचा आवाज मागून, "पेढे सांगा रं!"
एप्रिलअखेर मिरजेहून गाडी. नंतर सात-आठ महिने ट्रेनिंग.

८ एप्रिल, बुधवार
गावात चौकात फ्लेक्स लागला पण. फोटो पोरांनी स्टेटसला ठेवला, तो आमचे घरमालक शिंदेकाका यांनीही पाहिला. संध्याकाळी पेढे घेऊन आले. पिंट्याच्या पाठीवर थाप, "नाव काढलंस गड्या." पेढा माझ्या हातावर ठेवला आणि त्याच दमात, "मग फ्लॅट कवा मोकळा करताय?"
मी म्हटलं, मी आहे की इथं.
"तू हायस गं. पण ॲग्रीमेंट त्याचं. एकट्या मुलीला ठेवत न्हाई आमी. उद्या काय झालं म्हंजे?"
पेढा तसाच हातात. हा फ्लॅट शोधला मी. भाडं माझ्या पगारातनं जातं. कागद करायच्या वेळी काकाच म्हणाले होते, पुरुषाचं नाव असलेलं बरं दिसतं. पुरुष म्हणजे हा, तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मी हसून हो म्हटलं. तेव्हा काय बिघडत होतं?

११ एप्रिल, शनि.
काकांना परत विचारलं, माझ्या नावावर करून द्या. नाही. काकू आतनं भाजी निवडत ऐकत होत्या.
विश्रामबागेत दोन फ्लॅट पाहिले. एके ठिकाणी पहिलाच प्रश्न, मिस्टर काय करतात? दुसरीकडं गावचा पत्ता विचारला, जात विचारली, मग म्हणे फ्लॅट कालच गेला. हॉस्टेलचं गेट आठला बंद. आमची दुसरी शिफ्ट सुटते त्यानंतर.
कुपवाडात फाउंड्रीच्या टेस्टिंग लॅबमध्ये मी एकटी मुलगी. कास्टिंग माझ्या सहीशिवाय गाडीत चढत नाही. जूनमध्ये पर्मनंट करतो म्हणालेत साहेब. आणि आत्ताच नेमकं हे.

१२ एप्रिल, रविवार
गावी सत्कार. डीजे, गुलाल, जीपवर पिंट्या. अण्णांचा फेटा सारखा घसरत होता, एका हातानं फेटा धरून नाचत होते. त्यांना नाचताना पहिल्यांदा बघितलं. फार बरं वाटलं, खरंच. ओवाळताना मी कुंकू लावायचंच विसरले. आत्या म्हणाल्या, बहिणीला भरून आलं.
जेवणं झाल्यावर अण्णा, "आता तू बी ये घरला. पोरगं चाललं, तिथं काय ठिवलंय?"
"माझी नोकरी ठेवलीय."
"नोकरी काय, कडेगावात बगू. आन् येक स्थळ बी आलंय, चांगलं हाय."
सगळं अंगण ऐकत होतं. आईकडं पाहिलं. ती पत्रावळ्या गोळा करत होती. नंतर मोरीपाशी हळूच म्हणाली, "एकटी काय खाशील गं तू?"
भाऊ सैन्यात चाललाय आणि हद्दपार मी होतेय. हे कुणाला सांगू? आनंदावर विरजण घातलं म्हणतील.

१५ एप्रिल
ऑफिसच्या भोसलेमॅडमना ॲग्रीमेंट दाखवलं, कंपनीचे करार त्याच बघतात. त्यांनी दोनदा वाचलं. मुदत सप्टेंबरपर्यंत. आत राहणाऱ्यांत माझं नाव आहे. पिंट्यानं स्वतः लिहून दिलं तरच मधे मोडतं. "त्याला म्हणावं, सही करू नको. बास."
बास म्हणे. तो अण्णांच्या शब्दाबाहेर जाणारा आहे का?

१९ एप्रिल, रवि.
भांडण. मोठं.
मी सरळ सांगितलं, तू सही करायची नाही. तो म्हणाला, "ताई, अण्णा म्हंत्यात करून दे. जाता जाता त्यांच्याशी भांडू व्हय?" मी म्हटलं, तुझे बूट कुणी आणले, भरतीच्या अकॅडमीत कुणी घातलं, आता माझी पाळी आली तर अण्णा आठवले? बोलायला नको होतं. तो उठून गॅलरीत गेला. मीही गेले नाही समजवायला.
त्याचा राग नाही येत. नाही, येतोच. त्याचं आयुष्य सुरू होताना माझं गुंडाळलं जातंय आणि ते त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही.

२२ एप्रिल, बुध.
अबोला. सकाळी पळून आला, माझी स्कूटी पुसून ठेवली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.
काळी ट्रंक आणलीय. पांढरा रंग आणि ब्रश माझ्यापुढं ठेवून उभा राहिला. "तुझं अक्षर बरं हाय." ट्रंकेवर त्याचं नाव घातलं. रंग वाळेपर्यंत दोघं ट्रंकेच्या दोन बाजूंना बसलो. त्याच्या पायाला फोड आलाय, चपला घालून हिंडतोय.
काकांचा निरोप, मंगळवारी कागद टाइप करून आणतो. त्यांच्या साडूचा मुलगा मेमध्ये राहायला येणार आहे म्हणे. म्हणजे ठरलंच सगळं.

२८ एप्रिल, मंगळवार
लगेच लिहून ठेवतेय.
सातला काका आले कागद घेऊन. अण्णांना फोन लावून स्पीकर चालू ठेवला, टीपॉयवर. पिंट्यानं कागद वाचला. एवढं सावकाश तो कधी वाचत नाही. मी ओट्यापाशी, पाठ करून. बघवत नव्हतं.
मग म्हणाला, "काका, मी न्हाई करत सही."
काका हसले, त्यांना चेष्टा वाटली.
फोनमधनं अण्णा, "कर की रं! काय झालं?"
"अण्णा, घर ताईचं हाय. मी नुस्ता राहत हुतो."
"कागदावर तू हायस," काका.
"व्हय. म्हणून तर करत न्हाई."
अण्णांनी फोन ठेवला. काका कागदाची घडी घालत उठले, दारात म्हणाले, बघतो मी. पिंट्याच्या कपाळावर घाम. मला म्हणाला, "ताई, अण्णा स्टेशनवर येतील ना गं?" मी रडले. त्याला जवळ घेऊन रडले. सैन्यात चाललेला मुलगा आणि बापाच्या एका फोनला एवढा घाबरलेला. तरी नाही म्हणाला.

३० एप्रिल, गुरुवार
मिरज स्टेशन. अण्णा आले. पिंट्या पाया पडला तेव्हा त्याला उठवून घट्ट धरलं, पाठ थोपटत राहिले. आई डब्याच्या खिडकीला धरून चालत होती, शेवटी मी तिला मागं ओढलं. पिंट्या ओरडला, "रविवारी त्यांनी फोन दिला तर करतो, उचल!"
गाडी गेल्यावर अण्णा, तोंड दुसरीकडं करून, "रविवारी टेम्पो घिऊन येतो. सामान बांधून ठेव. कागद राहू दे कागदापाशी."
"मी नाही येणार अण्णा."
ऐकलं का नाही, माहीत नाही. निघून गेले. आई मागं वळून वळून बघत होती.

३ मे, रविवार
काहीही बांधलेलं नाही. भांडी मांडणीवर, गादी पसरलेली. मुद्दाम.
सकाळी काकू पाणी आलंय सांगायला आल्या. थांबल्या. "राहा गं तू, मला चालतंय. पण हे ऐकायचे न्हाईत. घरचं मोठं माणूस कुणी सोबतीला असतं तर मी ह्यांच्याशी बोलले असते."
पिंट्याचा फोन अजून नाही.
बोलायचं काय ते ठरवलंय. ओरडायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही. मी येत नाही, एवढंच. ओढून तर नेणार नाहीत? अण्णा तसे नाहीत. पण मी नाही म्हटल्यावर अण्णा कसे असतात हेही मी कुठं पाहिलंय.

टेम्पो आला. गॅलरीतनं बघून आले. अण्णा मागची फळी खाली पाडतायत, काका बनियनवरच त्यांच्याशी बोलायला गेलेत. आणि पुढनं आई उतरली. ती येणार हे कुणी बोललं नव्हतं. हातात तिची कापडी पिशवी. माझे कपडे भरायला आणलीय, का इथं राहायला स्वतःचे भरून आणलेत? भरलेली आहे का रिकामी, तिसऱ्या मजल्यावरनं दिसत नाही.
अण्णा अजून खालीच आहेत. जिना आई एकटीच चढतेय.