तुझा चेहरा, कुणाचं तरी अंग

आई, माझं पुस्तक अडलंय आणि रागाने डोकं फिरलंय. भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून मी अनोळखी माणसांचे जुने फोटो गोळा केले. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर त्या माणसाबद्दल मी मनाने रचलेल्या चार ओळी, असं ते पुस्तक आहे. एक पान सोडून सगळं तयार आहे. पुण्याहून प्रकाशकाचा रोज फोन, "मॅडम, चारच तर ओळी आहेत!" त्याचं काय जातंय बोलायला?

त्या पानावरची बाई मला इथल्याच जुन्या बाजारात मिळाली. खुर्चीत ताठ बसलेली, जरीची साडी, गळ्यात बोरमाळ, हात मांडीवर. चेहरा सोडला तर आपल्या भिंतीवरचा तुझाच फोटो. तू गेलीस तेव्हा घरात तुझा एक धड फोटो नव्हता. फोटो काढू म्हटलं की तू म्हणायचीस, "कशाला? आरसा हाय की घरात." मग दादाने मामाच्या लग्नातल्या घोळक्याचा फोटो स्टुडिओत दिला, आणि त्यांनी तुझा चेहरा या बाईच्या अंगावर बसवला. तेव्हा सर्रास तसं करायचे. मी केवढी भांडले! दादा म्हणाला, "आसू दे की. जरीची साडी नेसायची ऱ्हायलीच हुती तिची."

ती तू नव्हतीस. तू दारात सूप घेऊन विड्या वळत बसायचीस. भाकरी थापण्याआधी साबणाने घासून हात धुवायचीस, तरी भाकरीला तंबाखूचा वास यायचाच, आणि मी नाक मुरडलं की म्हणायचीस, "लई शानी झालीस. खा गप."

बाकी सगळ्यांबद्दल मी बिनधास्त थापा मारल्या. या बाईबद्दल लिहायला बसले की चार ओळींत तिच्या जागी तूच येतेस, आणि मी कागद फाडते. तिचं स्वतःचं काहीतरी असेलच ना? ते मला सुचत नाही, याचा संताप येतो.

प्रकाशकाला सांगितलंय, फोटो नीट स्कॅन झाला नाही. साफ खोटं. हे तुला पोचणार नाही म्हणून सांगते. बाजारात ढिगाऱ्यातून तो फोटो अर्धाच बाहेर आला होता, चेहरा अजून दिसला नव्हता, आणि माझ्या तोंडून "आई" निघून गेलं. आता तू विड्या वळताना आठवलीस, तरी सुपावर हात तिचेच येतात.