पुलावरची धडधड

१८ मार्च १९९६
बी.ए.ची बहिःस्थ परीक्षा महिन्यावर आली. केंद्र पेणला. आज मानसशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि गंमतच वाचली. उंच, डगमगत्या पुलावर भेटलेल्या बाईला पुरुषांनी नंतर जास्त फोन केले, भक्कम पुलावरच्यांनी कमी. छाती धडधडते भीतीने, माणूस समजतो प्रेम!
संध्याकाळी नदीपलीकडे अष्टमी गावातल्या दुकानातून कामावरून सुटले, रोह्याला घरी येताना विलासला सांगितलं. तो धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून स्कूटरवरून समोरून येतो. दोन वर्षं कुंडलिका नदीच्या पुलावर मध्यावरच भेटतोय आम्ही. पहिल्यांदाही तिथेच. भरलेला टँकर गेला, पूल हादरला, मी त्याचा हात धरला.
"म्हंजे तेवा तू घाबरलेलीस."
"मग काय! तू काय एवढा देखणा आहेस?"
खूप हसलो.

२ एप्रिल
वि. चार दिवस पुलावर नाही. शिफ्ट बदलली असेल. अभ्यास शून्य.

५ एप्रिल
आज आला. कठड्याकडे बघत बोलला. घरच्यांनी निडी गावची मुलगी बघितलीय, अक्षय्य तृतीयेला साखरपुडा.
"आईला नाय म्हनायची हिंमत नाय माझी."
मग म्हणतो, "तूच सांगितलंस ना गो, ती भीती होती. विसरशील तू."
माझंच पुस्तक माझ्या तोंडावर मारलं. आणि ते मीच त्याच्या हातात दिलेलं, हसत हसत.
रडले. अजून रडतेय. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

९ एप्रिल
खरंच नुसती भीती असेल तर बरंच की, सुटले मी. म्हणून आज मुद्दाम मध्यावर थांबले. टँकर आला. पूल हादरला, छाती धडधडली. शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन एक आजोबा. त्यांच्या प्रेमात काही पडले नाही.
तेच म्हणाले, "काय गो, घाबरलीस? ह्यो असाच हलतो. पडायचा नाय."
घरी येईपर्यंत हसू येत होतं. मग नाही.

१३ एप्रिल
भाकरी थापत होते. गल्लीत त्याच्या स्कूटरसारखा आवाज. हातातली भाकरी मोडली. स्कूटर दुसऱ्याच कुणाची.
परातीपुढे बसून कसली आलीय भीती? पुस्तकात शोधलं. याबद्दल काही नाही.

२० एप्रिल
पेणला पेपर. प्रश्न आलाच. 'शारीरिक उत्तेजना व भावना, सोदाहरण.' पूल लिहिला, फोन लिहिले. 'दैनंदिन जीवनातील उपयोग' एवढा भाग कोरा सोडला. काय लिहू? आज अक्षय्य तृतीया, निडीला आता साखरपुड्याचे पाट मांडले असतील, हेच डोक्यात. मार्क गेले.
परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. गाडी अष्टमीला थांबली. बाहेर वि.ची स्कूटर. तिला टेकून वि., रोजच्याच शर्टात, गाडीच्या खिडक्या एकेक करून बघत. आज हा निडीला असायला हवा होता.
उतरू की बसून राहू, कळेना. कंडक्टर विचारतोय, ताई, उतरताय का? छाती अशी धडधडतेय की त्याला ऐकू जाईल.
आणि पूल तर अजून पुढे होता.