पतेतीपर्यंत दुकानात

७ ऑगस्ट १९११, सोमवार

माझी शाळा बंद! बावाजींनी (वडिलांनी, दुसरं कोण!) सकाळी चहात पाव बुडवता बुडवता सांगितलं, आज भाजी कसली करायची ते सांगावं तसं. 'गुलू, आजपासून दुकानात बस. पतेतीपर्यंतच. मग जा तुझ्या शाळेत.'

पतेती तेरा सप्टेंबरला. बडोद्याच्या ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा नोव्हेंबरात. मधली भूमिती, व्याकरण, इतिहास कोण शिकणार? दुकानातली मलमल?

नादरशाला का नाही बसवत? माझा थोरला भाऊ, मॅट्रिकला दोनदा आपटलाय. पण तो मुलगा, त्याचं 'वर्ष आहे'. माझं वर्ष नाही?

कारण काय, तर आम्ही पारशी अंगालगत घालतो त्या सदऱ्याच्या मलमलीला बायका येतात आणि पुरुषाला छाती-कमरेचं माप सांगायची त्यांना लाज वाटते. आई होती तेव्हा ती बाजू ती बघायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून निम्मं नवसारी समोरच्या वोहराच्या दुकानात जातं, कारण तिथे त्याची बायको माप घेते. बावाजी म्हणाले, 'दुकानात बाई माणूस नसेल तर सदरे विकू कोणाला, कावळ्यांना?'

मी पंधरा वर्षांची आहे. बाई माणूस नाही. विद्यार्थिनी आहे.

९ ऑगस्ट

पाय दुखतात. डोकं त्याहून जास्त.

नव्या वर्षाला अंगात नवा सदरा हवा, त्यामुळे सगळ्या आत्ताच येतात. मलमल उजेडात धरतात, गालाला लावून बघतात, दाताखाली सूत चावतात, आणि मग म्हणतात, 'गेल्या सालची बरी होती.' माप घ्यायला गेलं की श्वास आत ओढून उभ्या. रतनमाय तर म्हणाली, 'डिकरी, खरं माप घे, पण लिही कमी.' मग सदरा आखूड झाला की ओरडा कोण खाणार?

शाळेत आज भूमितीचा सातवा सिद्धांत झाला असेल.

१२ ऑगस्ट, शनिवार

तेहमीनाबाई आल्या! थेट दुकानात!

सांगायला हवं (कोणाला, पानाला?) की आमच्या कन्याशाळेत वरचा वर्ग आहे तो एकट्या तेहमीनाबाईंमुळे. दोन वर्षांपूर्वी त्या सुरतेहून शिकून आल्या, तोवर पाचवी झाली की पोरींच्या हातात सुई. आता आम्ही पाच जणी आहोत. पास झालो तर बडोदा, बोर्डिंग, स्वतःचा पगार. फुई म्हणते, अठ्ठावीस वर्षांची घोडी, लग्न नाही, काही नाही, तुम्हा पोरींची डोकी फिरवते. फिरवू देत. फुई बावाजींची थोरली बहीण आहे आणि तिचं डोकं जन्मात कोणी फिरवलेलं नाही.

बाई गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'रुस्तमजीशेठ, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी तुम्ही कापडात गुंडाळून ठेवली आहे.' बावाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, 'बाई, तुमची एक विद्यार्थिनी जाते, माझं अर्धं गिऱ्हाईक जातं.' मग बाई बोलतच राहिल्या. बावाजी ऐकत राहिले. 'हो' म्हणाले नाहीत. शेवटी बाईंनी दोन वार मलमल घेतली, उगाच, माझ्यासाठीच. किती झिजतात त्या!

१४ ऑगस्ट

मंकोड्यांसारख्या बायका. गुळाला चिकटलेल्या मुंगळ्यांसारख्या!

१६ ऑगस्ट, बुधवार

आज नवीन तमाशा. नादरशा मुंबईला जाऊन आला आणि डोक्यात 'सेल' घेऊन आला. दारावर फळा लावला: 'सेल! पतेतीचा सेल! एकच भाव!' अक्षर असं की मॅट्रिकला का आपटतो ते लगेच कळावं.

पहिली आली ती रतनमाय. फळा वाचून तिने दारातच छाती धरली. 'रुस्तम, बुडालास का रे? माझ्या नवऱ्याचं दिवाळं निघालं तेव्हा असाच फळा लावला होता.' बावाजींनी समजावलं, सेल म्हणजे स्वस्त, दिवाळं नव्हे. ती म्हणाली, 'स्वस्त आणि एकच भाव? मग मी घासाघीस कशाची करू? नुसती येऊ, घेऊ आणि जाऊ? त्यापेक्षा पोस्टात जाईन.'

तिचं चुकलं नाही. पण मला चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. काल संध्याकाळी बावाजींनी आणि नादरशाने प्रत्येक चिठ्ठीवर आधी भाव वाढवून लिहिला, मग तो खोडून खाली जुनाच लिहिला. हा सेल! म्हणून मी रतनमायला सांगून टाकलं. मोठ्याने. 'माय, परवाही हाच भाव होता. वरचा आकडा खोटा आहे.'

बावाजींचा चेहरा बीटासारखा. मला वाटलं, चला, आता हाकलतील. उद्यापासून शाळा!

१७ ऑगस्ट

हाकललं नाही. रतनमायने गावभर केलं: 'रुस्तमच्या दुकानात खरं बोलणारी पोर बसते.' आज पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या वोहराची बायको दारात येऊन बघत होती. प्रत्येकीला माझ्याकडूनच माप हवं, मीच भाव सांगायला हवा, 'गुलूला विचारा, गुलू खोटं बोलत नाही.' बावाजींनी सगळ्या चिठ्ठ्या फाडून नव्या लिहिल्या, खऱ्या. आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'डिकरी, तुझ्याशिवाय हे दुकान चालायचं नाही.'

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. धोंडा मीच उचलला, मीच मारला. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट, शनिवार

बाई पुन्हा आल्या. ही तिसरी खेप, मंगळवारीही येऊन गेल्या होत्या. बावाजींनी आत बसवलं, पुदिन्याचा चहा मागवला. मी पडद्याच्या अलीकडे मलमल कापत होते आणि कान तिकडे. बाई म्हणत होत्या, तुमचा 'एकच भाव' चांगला, पण उरलेले तुकडे कुठे जातात? त्यांचे लहान मुलांचे सदरे शिवून घ्या, नवजोतच्या विधीला लागतात. बावाजी म्हणाले, 'बाई, तुम्ही शाळेत का वाया जाता?' आणि हसले.

आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. आणि कधी हसले, तर माझ्या आयुष्याचा प्रश्न आत चाललेला असताना! कापताना हात हलला, अर्धा वार वाकडा गेला. जाऊ दे. लहान मुलांचे सदरे शिवा त्याचे.

बाई जाताना मला म्हणाल्या, 'धीर धर, मी बोलते आहे.' दर वेळी हेच. त्या बोलतात आणि मी कापते.

२२ ऑगस्ट

फुईने माळ्यावरून चांदीचं सेस काढलं. गुलाबदाणी, साखरेचा शंकूसारखा पडा, कुंकवाची वाटी, सगळं तबकासकट चिंचेने घासत बसली होती. मी विचारलं, कोणाकडे काय आहे? म्हणाली, 'चांदी काळी पडते, घासायला नको?'

मुक्ताद, आमचा पितृपक्ष, पंधरा दिवसांवर. पितरांची चांदी वेगळी असते. हे सेस लग्नाकार्याचं आहे, हे मला कळत नाही का?

२४ ऑगस्ट, गुरुवार

कळलं. सगळं कळलं. लिहिताना टाक कागदात घुसतोय.

दुपारी जेवायला घरी गेले तर फुई कोळणीला सांगत होती: 'सोमवारी सकाळी बोईचा मासा आण. मोठा, खवल्यांसकट. सोमवारी रुपया आहे, मुक्ताद बसायच्या आत उरकायचंय.' सोमवारी रुपया, म्हणजे साखरपुडा! मासा, दही, चांदीचा रुपया, सेस. आमच्या घरात लग्नाजोगी दोनच माणसं. नादरशाला त्याचा मास्तरही पसंत करत नाही, मुलगी कुठून करणार! उरलं कोण?

आणि घीवाल्यांचा कावस आठ दिवसांत तीनदा येऊन तीन टोप्या घेऊन गेलाय. तीन टोप्या! डोकं एक!

फुईला समोर जाऊन विचारलं. ती म्हणाली, 'घरातल्या मोठ्यांच्या गोष्टीत पोरींनी नाक खुपसायचं नाही. वेळ आली की कळेल. तोंड धू, किती घाम आलाय.' नादरशा तिथेच पपई खात बसला होता. हसून म्हणाला, 'गुलू, तुझी शाळा संपली म्हण आता.'

त्याला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. जिला विकायची ती सोडून सगळ्यांना. एकच भाव!

२५ ऑगस्ट

कावस आला. चौथी टोपी. मी ती त्याच्यासमोर आपटली आणि म्हटलं, 'ऐका. मला बडोद्याला जायचंय. मी तुमच्या घरी तुपाच्या डब्यांत आयुष्य काढणार नाही. बावाजींनी काही कबूल केलं असेल तर ते त्यांचं, माझं नाही.'

तो म्हणाला, 'बेन, आम्ही चार भाऊ आहोत. मला नुसती टोपी हवी होती.'

टोपी घेतली, पैसे ठेवले, उलट्या पावली गेला. हे सोंग आहे की खरंच त्याला घरच्यांनी सांगितलं नाही? त्याची तरी काय चूक. पण मी माफी मागणार नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

बाईंकडे गेले होते. शेवटचा उपाय तोच होता. त्यांच्या म्हाताऱ्या आईने दार उघडलं आणि मला बघून उगाच लगबग केली, 'ये ये, साखर खा.' अंगणात चुना सारवलेला, उंबऱ्यावर खडूचे मासे काढायला घेतलेले.

मी बाईंच्या पायाशीच बसले. म्हटलं, उद्या माझा रुपया आहे, तुम्ही बावाजींना सांगा, तुमचं ते ऐकतात, तुम्ही सांगितलं तर थांबतील. मी रडले. रडायचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, 'रुपया तुझा नाही, गुलू.'

'मग कोणाचा?'

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. खडूच्या माशांकडे. त्यांच्या दाराच्या उंबऱ्याकडे! मुलीच्या दारात काढतात मासे. आमच्या दारात काहीच काढलेलं नाही, हे सकाळी बाहेर पडताना माझ्या डोळ्यांना दिसलं होतं आणि अकलेला दिसलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, 'मी आलेच होते तुझ्यासाठी. खरंच. पहिल्यांदा तुझ्यासाठीच.' मी म्हटलं, 'आणि तिसऱ्यांदा?' त्यांनी उत्तर दिलं नाही. खोटं बोलल्या असत्या तर मी मानलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत आणि मला जास्त राग आला.

बावाजींचा राग, फुईचा राग, बाईंचा राग. सगळ्यात जास्त माझा. तीन आठवडे पडद्याच्या अलीकडे कान लावून बसले होते आणि काय ऐकत होते?

२८ ऑगस्ट, सोमवार

रुपया द्यायला मुलाकडच्या बायका जातात. आमच्या घरच्या बायका म्हणजे फुई आणि मी. मी म्हटलं, मी येणार नाही. फुई म्हणाली, 'मग मी एकटी जाऊ? एकटीने रुपया देतात का कुठे? तुझ्या बापाचं तोंड काळं करायचंय?' बावाजी दारात उभे होते. नुसते उभे होते, नवा डगला घालून, शाळेतल्या पोरासारखे. गेले.

तबक मी धरलं होतं. बोईच्या डोळ्याला कुंकू लावलेलं. बाई लाल साडीत पाटावर, खाली मान. ज्या हाताने त्या फळ्यावर त्रिकोण काढतात त्या हातात मी रुपया ठेवला. कपाळाला कुंकू मीच लावलं, तोंडात साखर मीच घातली. मी कुंकू जरा जोरातच लावलं.

फुई वाटेत म्हणाली, 'छान लावलंस.'

३० ऑगस्ट

बावाजींनी बोलावून सांगितलं: उद्यापासून तू शाळेत जा. पतेती होवो न होवो. लग्न नोव्हेंबरात, तोवर बायकांची बाजू फुई बघेल, मग तेहमीना बघेल. म्हणाले, 'तिने एकच अट घातली होती. तुझी शाळा. दागिने नाही, काही नाही.'

राग कुठे ठेवायचा कळेना. रात्री वह्या काढल्या. भूमिती, व्याकरण. पेन्सिली टोकल्या. बाईंना काय म्हणायचं घरात? आई तर म्हणणार नाही. पण उद्या वर्गात 'बाई' म्हणेन, आणि बहुतेक नीट म्हणेन.

३१ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत गेले. वर्गाला कुलूप. ट्रस्टींनी काल रात्री, रुपयाची बातमी कळताच, ठराव केला: लग्न ठरलेली बाई शिकवायला ठेवायची नाही. वरचा वर्ग शिकवील अशी दुसरी बाई नवसारीत नाही, म्हणून वर्गच बंद.

चौघी पायरीवर बसल्या होत्या, दप्तरं मांडीवर घेऊन. कोणी सरकली नाही. गोस्पीने माझ्याकडे बघून विचारलं, 'गुलू, तुझ्या बापाला अख्ख्या गावात दुसरी कोणी मिळाली नाही?'