बंदांचे बारा ब्लाऊज

प्रिय बेबीनंदा,

दोन दिवस झाले, पत्र लिहायला घेते आणि रागाने पेन ठेवून देते. आज लिहितेच. अगं, दोन वर्षं दवाखान्याच्या साहेबांच्या मागे लागले होते, की अत्याचार झालेली बाई आली तर तिला व्हरांड्यातल्या बाकड्यावर ताटकळत बसवू नका, एक खोली द्या. शेवटी मिळाली, बँडेजचं सामान ठेवायची. मी चुना मारून घेतला, पडदा शिवून लावला. सोमवारी ड्युटीवर येते तर काय, दारावर हातभर लांब पाटी! 'अत्याचारित महिला कक्ष', लाल रंगात. आणि दार बरोबर केसपेपरच्या रांगेसमोर! त्या दारात पाऊल कोण टाकेल, सांग. अण्णासाहेब पेंटरला विचारलं तर म्हणतो, "साहेबानंच सांगितलं बाई, बिलकुल लांबून दिसली पाह्यजे म्हणे." मी कपाळावर हात मारून घेतला. या वयात स्टुलावर चढून स्वतः पाटी उतरवली. साहेब चिडलेत. चिडू देत.

कडीची वेगळीच कथा. खोलीला कडी फक्त बाहेरून होती. आतून कडी हवी, हे सांगायला तीन चकरा मारल्या. साहेब विचारतात, आतून कशाला? आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? शेवटी मच्छिंद्र सुताराला धरून आणलं आणि समोर उभी राहून बसवून घेतली.

परवा आष्टीकडची एक बाई आली, सोबत सासू. त्या खोलीत बसवलं, कडी तिनेच लावली, चहा दिला. डॉक्टरीणबाई येईपर्यंत कोणी डोकावलं नाही. एवढं सगळं नीट झालं आणि मग नेहमीप्रमाणे तिच्या अंगावरचे कपडे पोलिसांनी तपासासाठी घेतले. त्यासाठी मी ओळखीच्या बायकांकडून साड्या जमवून ठेवल्यात. परकराला नाडी असते, तो कोणालाही होतो. पण ब्लाऊज! माझा तिला ढगळ, दुसऱ्या सिस्टरचा चढेना. शेवटी पदर गळ्यापर्यंत पिनांनी टाचून ती एसटीत बसली. मला इतकी चीड आली की घरी जाऊन भांडी आपटली.

म्हणून तुझी आठवण झाली. पाठीवर बंद असलेले बारा ब्लाऊज शिवशील का? बंद ओढला की कोणालाही बसतील असे. रंग साधे, चारचौघींच्या अंगावर असतात तसे. दवाखान्याचे आहेत हे कळता कामा नये. शिक्का तर कुठेच नको.

शिक्का लिहिलं आणि हात थांबला. अठ्ठ्याऐंशी साली तुझे कपडेही असेच घेतले होते. सोळा वर्षांची तू, दवाखान्याच्या शिक्क्याची हिरवी चादर पांघरून घरी गेलीस. चौथ्या दिवशी आमचा कडूबा शिपाई तुमच्या दारात उभा राहून ओरडला, "दवाखान्याची चादर द्या वापस!" सगळ्या गल्लीला कळलं आणि तुला मावशीकडे राजूरला जावं लागलं. सहा वर्षांपूर्वी तुझ्या दुकानात आले, तेव्हा तू मला लगेच ओळखलंस. म्हणालीस, "दवाखान्यात तुम्हीच तेवढ्या मायेच्या होत्या, बाई." मी ते गपचूप ऐकून घेतलं आणि माप दिलं. नंदा, कडूबाला मीच पाठवलं होतं. वरून कोणी सांगितलं नव्हतं. एक चादर कमी भरली, एवढंच माझ्या डोक्यात. तू ती धुऊन, घडी घालून पाठवलीस. ती मी पुन्हा कोणाला अंथरली नाही, पण तुझ्यासमोर तोंडही उघडलं नाही. दर खेपेला राजूरला येताना ठरवायचे आणि ब्लाऊज घेऊन परत जायचे. आता पुन्हा तुझ्याकडेच काम मागायचं, तर हे सांगितल्याशिवाय मागवत नाही. बारा ब्लाऊज शिवायचे की नाही, तू ठरव. माझा निळा ब्लाऊज तुझ्याकडे पडलाय. तो मागायला मी कोणाला पाठवणार नाही.

तुझीच,
दुर्गाबाई सिस्टर